भावजी, चिलर आणि मुद्दा क्रमांक सात

दसऱ्यानंतरचा दुसरा मंगळवार, सकाळचे अकरा. हजर: भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, वन्सं, म्हणजे ती नणंद, माझे यजमान, ऑपरेटर रेखाबेन, आणि मी. गैरहजर: लेझरची पॉवर.

माझ्या वहीतली ही नोंद मी जशीच्या तशी उतरवली आहे. पुढचं सांगण्याआधी भावजींविषयी सांगायला हवं. सुरतेत लिंबायतपासून पर्वत पाटियापर्यंत जेवढी यंत्रं आज न तापता चालतात, ती सगळी आपल्या परवानगीने चालतात, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. जी तापतात ती लोकांनी त्यांना न विचारता घेतलेली असतात. पस्तीस वर्षं ते लूमच्या खात्यात मास्तर होते. खातं म्हणजे आमच्याकडचा लहान कारखाना. निवृत्त झाले तेव्हा मालकाने शाल दिली, नारळ दिला. पुढच्याच मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या खात्यात येऊन उभे राहिले आणि आमचं लेझर मशीन त्यांनी दत्तक घेतलं. आम्ही बोलावलं नव्हतं. पण घरच्या जावयाला नको कसं म्हणायचं? माझ्या यजमानांनी फक्त एवढंच विचारलं, "दाजी, चहात साखर किती?" झाला करार.

आमचं मशीन साड्यांच्या काठांचं कटवर्क करतं. आत माणसाच्या उंचीची काचेची नळी असते, तिच्यातून लेझर निघतो आणि जॉर्जेटच्या पाकळ्या कापत जातो. कापता कापता कडा वितळून बंद होतात, त्यामुळे धागा निघत नाही. ही नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती सतत थंड पाणी फिरवावं लागतं. ते पाणी थंड करणारी पेटी म्हणजे चिलर. पाणी तापलं की नळी तापते, नळी तापली की पॉवर पडते, आणि पॉवर पडली की पाकळ्या अर्धवट कापल्या जाऊन काठाला लोंबत राहतात. मग दोन बायकांना कात्री घेऊन बसवावं लागतं. म्हणजे लेझर घेण्याआधी आम्ही जिथे होतो तिथे परत.

भावजी या मशीनकडे कधीही सरळ जात नाहीत. आधी चहा. मग रेखाबेनकडून मागच्या आठवड्याची हकीकत: आवाज कसा होता, वास कसा होता, लाइट किती वेळा गेली, कुणी मशीनवर डबा ठेवला होता का. तोवर मशीनकडे ते पाहतसुद्धा नाहीत. मला घाई असते. मी म्हणते, भावजी, आधी बघा तरी. ते बशीत चहा ओततात आणि म्हणतात, "वहिनी, तापलेल्यासमोर तापून जाऊ नये." मग उठतात, उजव्या हाताची अंगठी काढून खिशात टाकतात, हाताची पालथी बाजू पाण्याच्या पाइपाला लावतात आणि डोळे मिटून खानदेशच्या बोलीत मशीनला विचारतात, "काय व्हयनं तुले?" त्यानंतर ते एक आकडा सांगतात. मी तापमानाचं मापक आणून ठेवलं तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले साडेएकवीस आणि मापक म्हणालं एकवीस पूर्णांक सात. भावजींनी मापकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवीन आहे. शिकेल."

त्या पालथ्या हाताने सगळ्या नातेवाइकांना कधी ना कधी तपासलेलं आहे. हजीऱ्याला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भावजींनी पाणीही घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. "याला श्वास घ्यायला जागा नाही," एवढंच बोलले आणि मग ओळख करून घेतली. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुलीचा बाप दिसेना. ते मांडवामागे जनरेटरजवळ सापडले. एक हात जनरेटरला लावलेला, दुसऱ्या मुठीत अक्षता. 'सावधान' झालं तेव्हा तिथूनच त्यांनी अक्षता टाकल्या, त्या जनरेटरवर पडल्या. वन्सं अजून सांगतात की तो जनरेटरही सुखाने नांदला, भाड्याने होता तरी.

लेन्सच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक आहे. लेझरची लेन्स लहान नाण्याएवढी. तिच्यावर धुराचा थर बसला की किरण अडतो, म्हणून ती पुसावी लागते. ते काम भावजी कोपरापर्यंत हात धुऊन, चपला दाराबाहेर ठेवून, श्वास धरून करतात. एकदा माझे यजमान लोचो, म्हणजे इथला तेलकट नाश्ता, खाऊन आले आणि बघू म्हणून वाकले. भावजींनी त्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी खात्याबाहेर उभं केलं, आणि लेन्स बसेपर्यंत आत घेतलं नाही.

पण सगळ्यात मोठा धाक पाण्याचा. चिलरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालायचं, बॅटरीत घालतात तसलं. साध्या पाण्यात क्षार असतात, शेवाळ धरतं, नळीत कीट बसतं. दोन वर्षांपूर्वी पातळी खाली गेली म्हणून रेखाबेनने पिण्याच्या जारमधलं तांब्याभर पाणी टाकीत ओतलं. भावजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही. पाऊण तास ते पाण्याच्या स्वभावावर बोलले. मराठीत सुरुवात केली, गुजरातीत रागावले आणि हिंदीत समारोप केला. दुसऱ्या दिवशी चिलरवर त्यांच्या हातची पाटी लागली: 'यात डिस्टिल्डशिवाय काहीही ओतू नये. कुणीही. चहासुद्धा.' चहा कोण ओतणार होतं, हे मी विचारलं नाही. त्याच दिवशी त्यांनी चिलरच्या अलार्मची वायरही काढून ठेवली. प्रवाह कमी झाला की तो अलार्म किंचाळायचा. भावजींचं म्हणणं, ज्याला हात लावून कळतं त्याला ओरडून सांगायची गरज नाही.

तर, यंदाच्या दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी पाकळ्या लोंबायला लागल्या. लग्नसराईची मोठी ऑर्डर हातात होती. मशीन सकाळी नऊला उत्तम कापायचं, अकराला रुसायचं आणि एकला निव्वळ उदबत्तीसारखं कापडावर डाग पाडायचं. माझे यजमान कमी बोलतात, पण बोलले की ठरवूनच बोलतात. त्यांनी एका कंपनीचा सर्व्हिस करार मागवला. त्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की करारानंतर त्यांच्या माणसाशिवाय मशीन कुणीही उघडायचं नाही. "शनिवारपर्यंत बघू," ते मला म्हणाले. "नाही झालं तर सही करतो. किंवा हे काढून नवीनच घेऊ. दाजींना तू सांग."

मला ते सांगायचं नव्हतं. भावजींकडे आठवड्याचे सात दिवस असतात, पण वार एकच असतो. सोमवारी संध्याकाळी ते शर्ट इस्त्रीला देतात. मंगळवारी सकाळी जेवणाच्या डब्यात पकड, पेचकस, कापूस आणि लेन्स पुसायचं औषध घालून लिंबायतहून शेअर रिक्षाने येतात. वन्संनीच मला सांगितलं होतं, "बाई, मंगळवार आहे म्हणून बाकीचे सहा दिवस मी घरात राहू शकते." तो मंगळवार आता एका सहीवर आला होता.

मला जमतं ते मी केलं. यादी केली. मशीन तापण्याची आणि पॉवर पडण्याची नऊ कारणं शोधून काढली, एकाखाली एक लिहिली, पुढे रकाने आखले: तपासलं, आढळलं, केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि अकरा वाजता पाण्याचं तापमान लिहायचं, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. भावजी माझ्या याद्यांना हसतात. "वहिनी, आजार काय यादी वाचून येतो?" पण या वेळी ते रोज आले. मंगळवारचीही वाट पाहिली नाही.

मुद्दा एक, लेन्स: स्वच्छ. दोन, किरण वळवणारे आरसे: चिकटपट्टी लावून ठिपका पाडून पाहिला, बरोबर मध्यावर. तीन, विजेचा दाब: ठीक. चार, धूर ओढणारा पंखा: भावजींनी तो बघून सरळ माझ्या यजमानांवर ठपका ठेवला, कारण खाली धुराड्याच्या तोंडाशी त्यांची स्कूटर उभी असते. स्कूटर हलवली. पाणी तेवढंच तापलं. पाच, चिलरची जाळी: तिच्यातून कापडाच्या तुसाची रजईभर घडी निघाली, रेखाबेनने लाजून पदर तोंडाला लावला. ती काढल्यावर एक डिग्री उतरली आणि आमचे चेहरे खुलले, पण एक वाजेपर्यंत पुन्हा तेच. सहा, प्रवाह: परतीचा पाइप बादलीत सोडून मी घड्याळ लावलं. बादली भरायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

म्हणजे वाटेत कुठेतरी अडत होतं. मी मुद्दा सातकडे पेन नेलं. सात, पाणी.

"पाणी झालं," भावजी म्हणाले. माझ्या हातातून त्यांनी पेन घेतलं आणि सातसमोर स्वतः बरोबरची खूण केली. "पाणी मीच भरलंय. आठवर या."

माझ्या यादीला भावजींनी आजवर बोट लावलं नव्हतं. मी तीस वर्षं याद्या करते आहे. झालेल्या कामावर माणूस रमत-गमत खूण करतो. एवढ्या घाईने खूण होते ती न केलेल्या कामावर. दुसरीही एक गोष्ट मला आठवली. त्या सकाळी भावजींनी पाइपाला हात लावला होता, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला होता, आणि म्हणाले होते, "पंचवीस." मापक एकतीस दाखवत होतं. त्यांचा हात सहा डिग्रींनी चुकणं शक्य नव्हतं. हाताला बरोबर कळलं होतं. तोंडाने पंचवीस सांगितलं होतं.

ही झाली वर नोंदलेली मंगळवारची सकाळ. वन्संही डबा घेऊन आल्या होत्या. शनिवार उलटून गेला होता, माझ्या यजमानांनी बहिणीकडे बघून तीन दिवस वाढवून दिले होते, आणि कराराचा कागद टेबलावर, माझ्या वहीखाली होता. मी यजमानांना म्हटलं, टाकीचं झाकण काढा. भावजी म्हणाले कशाला उगाच, धूळ जाईल. झाकण निघालं.

पाणी हिरवट दिसत होतं. तळाशी बारीक गाळ, कडेला बुळबुळीत थर. पंपाच्या तोंडावरच्या जाळीला झेंडूच्या दोन पाकळ्या अशा चिकटल्या होत्या की पाणी आत जायला जागाच नव्हती. आणि वास यंत्राचा नव्हता. नदीच्या घाटावर उभं राहिलं की येतो तसा होता.

माझे यजमान वळले ते रेखाबेनकडे. दोन वर्षांपूर्वीचा तो तांब्या सगळ्यांच्या लक्षात होता. ते हळूच पण कोरडेपणाने म्हणाले की एकदा सांगून झालं होतं, पाटीही लावली होती, आता काय करायचं तुमचं. रेखाबेन पाटीकडे बघत उभी राहिली. तिने 'में नथी नाख्युं', मी नाही टाकलं, एवढंच दोनदा म्हटलं.

भावजींनी खिशातून अंगठी काढली, बोटात घातली आणि म्हणाले, "तिला काही बोलू नका. मी टाकलंय."

"काय टाकलंत, दाजी?"

"दसऱ्याच्या पूजेला. बाटलीतलं."

"पाणी?" माझे यजमान म्हणाले. "तुम्ही? यात पाणी टाकलंत?"

भावजी थोडे दुखावलेच. "पाणी नाही टाकलं," ते म्हणाले. "तापी टाकली."

कुणी हसलं नाही. आता लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा नाही आलं. वन्सं खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, तरी म्हटलं यंदा बाटली देवघरात परत का नाही आली.

हळूहळू कळलं ते असं. भावजींचं गाव खानदेशात, तापीकाठी. ते सात-आठ वर्षांचे असताना उकाईच्या धरणाचं पाणी चढलं आणि गाव पाण्याखाली गेलं. ते सुरतेला आले, तर इथेही तीच नदी. माणसं सांगतात आमचं गाव अमुक स्टेशनापासून इतकं लांब. भावजी सांगायचे, आमचं गाव नळाला येतं. आम्हाला तो विनोद वाटायचा. दरवर्षी नवरात्राआधी ते सकाळच्या गाडीने नवापूरला जातात, तिथून जीपने पुढे. तिथे गावचा जुना रस्ता अजून आहे. तो सरळ चालत जातो आणि पाण्यात शिरतो. भावजी त्या रस्त्यावरच उभे राहून, चप्पल काढून, एक बाटली भरतात. पस्तीस वर्षं दसऱ्याला प्रत्येक लूमवर त्यांनी त्यातले चार थेंब शिंपडले. आमच्या चिलरमध्ये ते दरवर्षी एक टोपण घालत आले, पूजेचं फूल बाटलीला टेकवून. टोपणभराने काही झालं नाही.

"आणि डिस्टिल्डचं काय?" मी विचारलं. "ती पाटी?"

"पाटी पाण्यासाठी आहे, वहिनी." त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं उपासाला साबुदाणा का चालतो ते सांगावं. "हे काय पाणी आहे?"

"मग यंदा अख्खी बाटली का?"

ते म्हणाले, "नवरात्रात तुम्ही दोघं बोलत होतात. हे जुनं झालं, काढू, नवीन घेऊ. मी जिन्यात होतो. म्हटलं, टोपणाने भागायचं नाही." आणि मशीनवर हात ठेवून, पालथा नव्हे, सरळ तळहात, ते हलक्या आवाजात पुटपुटले, "हाई मनं गाव शे. तुले बरं करी." हे माझं गाव आहे, ते तुला बरं करेल.

मशीन वाचावं म्हणून त्यांनी ते आजारी पाडलं होतं. माझ्या रकान्यांत हे कारण कुठेच बसत नव्हतं.

माझे यजमान खिडकीपाशी जाऊन खाली आपल्या हलवलेल्या स्कूटरकडे बघत राहिले. मग आले, रेखाबेनची माफी मागत म्हणाले, "बेन, मारी भूल," आणि माझ्या वहीखालचा करार काढून कपाटात ठेवला. फाडला नाही. ते कागद फाडणाऱ्यांतले नाहीत. पण ज्या खणात ठेवला तो जुन्या कॅलेंडरांचा आहे.

पुढचं काम यादीप्रमाणे झालं. टाकी रिकामी, पंपाची जाळी साफ, नळी आणि पाइप डिस्टिल्डने तीनदा धुतले, चौथ्यांदा भरलं. हे सगळं भावजींनी स्वतः केलं, कोपरापर्यंत हात धुऊन, कुणालाही जवळ येऊ न देता. काढलेलं हिरवं पाणी मात्र त्यांनी मोरीत ओतू दिलं नाही. बादली जिना उतरून खाली नेली आणि नाक्यावरच्या कडुनिंबाला घातली. दुपारी एक वाजता बावीस डिग्री. पाकळ्या सुट्या पडू लागल्या. ऑर्डर वेळेत गेली.

पुढच्या मंगळवारी भावजी आले नाहीत. मशीन उत्तम चाललं होतं, कुणाचा त्रास नव्हता, चहाही वेळेत आटोपला. रेखाबेन दोनदा जिन्याकडे बघून म्हणाली, "मास्तर वगर खातुं सूनुं लागे छे," मास्तरांशिवाय खातं सुनं वाटतं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही शर्ट इस्त्रीला गेला नाही, हे वन्संनी फोनवर सांगितलं. तेव्हा मी वहीत लिहिलं: 'अलार्मची वायर कुठे जोडायची, विचारणे,' आणि लिंबायतला गेले. भावजी ओट्यावर बसले होते. मी वायरचं विचारलं. त्यांनी मला तोंडी सांगून पाहिलं, मी मुद्दाम तीनदा चुकीचं समजून घेतलं. शेवटी ते वैतागले आणि डबा घेऊन रिक्षात बसले. "तुम्ही याद्याच करा, वहिनी."

अलार्म त्यांनी स्वतःच्या हाताने परत जोडला. तो लगेच किंचाळला, तपासणीपुरता. मला वाटलं आता बंद करतील. ते म्हणाले, "ओरडू दे. हाताचंही वय होतं." मग टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली रेखाबेनला दिली. ती आता मंगळवारी त्यांनाही विचारल्याशिवाय टाकी उघडू देत नाही, आणि ते हात बांधून बाजूला उभे राहतात. हाताने आकडा सांगतात, ती मापक वाचते. परवा दोघांत अर्ध्या डिग्रीचा फरक आला. भावजी म्हणाले शिकेल, पण कोण ते सांगितलं नाही.

अलार्म जोडला त्या दिवशी निघताना त्यांनी डब्यातून रिकामी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. यापुढे मशीनवर बाहेरूनच शिंपडायचं, चार थेंब, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. पण यंदा रस्त्यावरून पाण्यापर्यंत उतरताना गुडघ्याने दगा दिला होता, एका गुराख्याने हात धरून वर आणलं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. वन्संनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी येते बरोबर. गाडीची वेळ लिहून घेतली, जीप कुठून मिळते तेही लिहून घेतलं. भावजी म्हणाले, थंडी सरू द्या. थंडी सरली. मग म्हणाले, तुमचा सीझन संपू द्या. सीझन संपत आला आहे.

माझ्या वहीत आठवड्याहून जुना मुद्दा मी राहू देत नाही. हा चार महिन्यांचा झाला. दर रविवारी नव्या पानावर उतरवते: 'भावजींना रस्त्याच्या टोकापर्यंत नेणे. बाटली भरणे.' पुढचे तिन्ही रकाने कोरे. बाटली धुऊन, पेनांच्या डब्याशेजारी पालथी ठेवली आहे.